नोवी सादमधला पहिला हिवाळा कसा काढाल

ऑक्टोबर संपत आला की सर्बियातल्या नोवी साद शहरात, आमच्या जिन्यात, आंबूस वास सुटायला लागतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, ड्रेनेज तुंबलंय. घरमालकांना फोन केला, ते आले, नाक वर करून हुंगलं आणि हसत शेजारच्या बाल्कनीकडे बोट दाखवलं. तिथे निळं प्लास्टिकचं पिंप होतं. त्यात मिठाच्या पाण्यात बुडवलेले कोबीचे अख्खे गड्डे आणि वर दाबून ठेवलेला दगड. "कुपुस," ते म्हणाले. म्हणजे कोबी. मग वर-खाली पाहिलं, तर जवळपास प्रत्येक मजल्यावर एकेक पिंप.

आता मलाच लोक विचारतात. दर सप्टेंबरात ओळखीतून कोणाचा तरी मेसेज येतो: ताई, नोकरी लागलीय नोवी सादला, थंडी झेपेल का? थंडी झेपते. तिची सोय दुकानात विकत मिळते. अडतं ते दुसरीकडेच. कुठल्या तारखेला दुकानं बंद असतात, कोणाच्या घरी काय न्यायचं, शाकाहारी माणसाने काय मागायचं आणि चार वाजता अंधार पडल्यावर संध्याकाळभर करायचं काय. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते आहे. साधारण ज्या क्रमाने गोष्टी समोर येतात, त्याच क्रमाने.

पहिली पायरी: थंडीच्या आधी कागद आणि घर

व्हिसाचं आधी. भारतीय पासपोर्टवर तीस दिवस व्हिसाशिवाय सर्बियात यायची सवलत २०१७ साली सुरू झाली होती, ती १ जानेवारी २०२३पासून बंद झाली. जुन्या यूट्यूब व्हिडिओंवर विसंबू नका, वकिलातीकडून ताजे नियम घ्या. उतरल्यावर २४ तासांच्या आत तुमच्या पत्त्याची पोलिसांकडे नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात, भाड्याच्या घरात ते घरमालकाचं काम. त्या कागदाला सगळे 'बेली कार्तोन' म्हणतात, म्हणजे पांढरं कार्ड. पुढे राहण्याच्या परवान्यासाठी तो लागतोच, त्यामुळे "उद्या करू" म्हणणाऱ्या मालकाला तिथल्या तिथे करायला लावा.

घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, 'ग्रेयान्ये'चा विचारा. ग्रेयान्ये म्हणजे घर गरम ठेवण्याची सोय. 'त्सेन्त्राल्नो' असं उत्तर आलं तर नशीब चांगलं. शहराच्या प्लांटमधून गरम पाणी पाइपाने येतं आणि रेडिएटर तापतात, साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल. रात्री ते मंद किंवा बंद होतात, पण भिंती उबदार राहतात.

दुसरं उत्तर येईल 'ता पेच'. नावातच पेच आहे आणि खरोखरच पेच आहे. ही लोखंडी कपाटासारखी दिसणारी, आत विटा भरलेली विजेची शेगडी. रात्री वीज स्वस्त असते, दिवसाच्या दराच्या साधारण पाव. त्या आठ तासांत विटा तापवायच्या आणि दिवसभर पंख्याने ती ऊब सोडायची. हे गणित सांभाळलं तर छान चालतं. मी सांभाळलं नाही. पहिल्या डिसेंबरात मी बाजारातून छोटा हीटर आणला आणि घरून काम करताना तो दिवसभर पायाशी चालू ठेवला. इथे विजेच्या वापराचे हिरवा, निळा आणि लाल असे टप्पे आहेत. महिन्याला ३५० युनिटपर्यंत हिरवा, पुढे निळा आणि फार वर गेलात की लाल. बिल आलं ते लाल टप्प्याचं. शेजारणीला दाखवलं तर तिने आधी बिलाकडे आणि मग माझ्या अंगातल्या हाफ बाह्यांच्या टी-शर्टकडे पाहिलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी लोकरी बंडी आणून दिली.

लाकूड-कोळशाची चूल असलेलं घर शक्यतो नको. धुराड्याची सफाई झाली नसेल तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, आणि त्या वायूला वास नसतो. घ्यावंच लागलं तर डिटेक्टर बसवा. तातडीचे नंबर: पोलिस १९२, अग्निशमन १९३, रुग्णवाहिका १९४. ह्याच धुरामुळे हिवाळ्यात हवाही खराब असते. वारा पडलेला, धुकं धरलेलं असेल त्या दिवशी सकाळी पळायला जाऊ नका.

दुसरी पायरी: कपडे, आणि 'प्रोमाया' नावाची भीती

जानेवारीत सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. मधूनच आठवडाभर उणे दहापर्यंत जातं. बर्फ पूर्वीइतका पडत नाही, असं सगळे म्हणतात. तरी २०१७च्या जानेवारीत डॅन्यूब नदीवर इतका बर्फ धरला होता की बोटी थांबल्या होत्या. पुण्याहून दोन सुटकेसा भरून स्वेटर आणू नका. एक चांगलं जॅकेट, थर्मल आणि टोपी इथेच घ्या. पैसे वाचवायचे असतील तर बाकी सगळ्यात वाचवा, बुटांत नको. बर्फ अर्धवट वितळून रात्री पुन्हा गोठला की फुटपाथ काच होतो. जुन्या मध्यवस्तीत, झ्माय योविना किंवा दुनाव्स्का रस्त्यावर, छपरांना लोंबलेले बर्फाचे सुळे खाली पडतात. भिंतीलगत पट्टी बांधलेली दिसली की रस्त्याच्या मधून चाला.

खरा वैरी म्हणजे 'कोशावा'. हा आग्नेयेकडून येणारा कोरडा, बोचरा वारा. बेलग्रेडला जास्त छळतो, पण इथेही डॅन्यूबवरच्या पुलांवर तो अंगावर आला की उणे दोन हे उणे बारा वाटतं. लोक म्हणतात, कोशावा सुटला की तीन दिवस राहतो, नाहीतर सात, नाहीतर एकवीस. मी मोजलेलं नाही. पण तीन दिवसांत थांबला नाही तर पुलावरून चालत ऑफिसला जायचा हट्ट सोडून बस धरते.

आता प्रोमाया. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्यावर जी वाऱ्याची झुळूक घरातून जाते, ती प्रोमाया. आपण तिच्यासाठी पूर्व-पश्चिम खिडक्यांचं घर शोधतो. इथे मान अवघडण्यापासून दात दुखण्यापर्यंत सगळ्याचं खापर तिच्यावर फुटतं. बसमध्ये उकडून घाम फुटला तरी दोन खिडक्या एकदम उघडू नका, कोणीतरी आजी उठून बंद करणारच. ओले केस घेऊन बाहेर पडायचं नाही, गार दगडावर किंवा पायरीवर बसायचं नाही आणि घरात अनवाणी फिरायचं नाही. ह्या बाबतीत सगळं सर्बिया आपल्या आज्यांच्या पंक्तीला बसतं. दारात बूट काढले की पाहुण्याला 'पापुचे' मिळतात, म्हणजे घरातल्या सपाता. "नको, मोज्यांवरच ठीक आहे" म्हणू नका. मुकाट्याने घाला.

आजीवरून आठवलं. सर्बियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी, 'मामा' म्हणजे आई आणि 'नाना' म्हणजे पुदिना. फोनवर घरी बोलताना माझ्या तोंडून "बाबा कसे आहेत?" ऐकून शेजारच्या आजींना बरेच दिवस वाटत होतं की मी त्यांचीच चौकशी करते आहे.

तिसरी पायरी: किराणा

'पियात्सा' म्हणजे मंडई. रिब्ल्या पियात्सा मध्यवस्तीत आहे, फुतोश्का मोठी आहे आणि लिमान भागात राहणाऱ्यांसाठी लिमान्स्का. शनिवारी सकाळी जा. पिंपातल्या त्या कोबीचं गाव, फुतोग, शहराला अगदी लागून आहे. फुतोगचा कोबी आपल्याकडच्या देवगड हापूससारखा मान राखून असतो. आंबवलेला गड्डा सुटा विकत मिळतो. खोबरं नसलं तरी मोहरी-मिरचीच्या फोडणीवर त्याची कोशिंबीर काय लागते! मीठ मात्र टाकू नका, ते त्यात आधीच भरपूर असतं.

हिवाळ्यासाठी बरण्या भरून ठेवण्याला 'झिम्नित्सा' म्हणतात. आपण उन्हाळ्यात गच्चीवर वाळवणं घालतो पावसाळ्यासाठी, हे लोक सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगणात लाल मिरच्या भाजतात थंडीसाठी. त्या सोलून, शिजवून, तेलात घोटून 'आय्वार' होतं. घरचं आय्वार कोणी दिलं तर नाही म्हणू नका आणि बरणी रिकामी परत करू नका. तो नियम इथेही आहे.

आपल्या स्वयंपाकाचं बरंचसं मिळतं, नावं तेवढी माहीत हवीत. रवा म्हणजे 'ग्रिझ', उपमा-शिऱ्याला चालतो. मसूर म्हणजे 'सोचिवो', त्यातली 'त्स्र्वेनो' म्हणजे लाल. काबुली चणे 'लेब्लेबिये', तीळ 'सुसाम', हळद 'कुर्कुमा'. अख्खे मूग आणि बेसनाच्या जवळचं चण्याचं पीठ 'झ्द्रावा ह्राना' (आरोग्यदायी खाणं) अशा पाटीच्या दुकानांत मिळतं. दह्यासाठी 'किसेलो म्लेको' घ्या. 'योगुर्त' मागितलंत तर पातळ, प्यायचं दही हातात पडेल, ते ताकाला बरं. पोळ्यांसाठी 'तिप ५००' पीठ मैद्याच्या अंगाचं आहे, त्यात अर्धं 'इन्तेग्राल्नो', म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, मिसळा. हिंग, कढीपत्ता आणि गूळ भारतातूनच आणा.

आणि चहा. कॅफेत 'चाय' मागितलात तर वेटर विचारेल, कॅमोमाइल की पुदिना? शिवाय चेहऱ्यावर काळजी: बरं नाही का? इथे चहा म्हणजे आजारी माणसाचा काढा. आपला चहा हवा असेल तर 'त्स्र्नी चाय', म्हणजे काळा चहा म्हणा. काही लोक त्याला 'इंदियस्की चाय' म्हणतात, तेव्हा उगाच अभिमान वाटतो. कॅफेत बऱ्याच ठिकाणी आतमध्ये सिगारेट ओढतात, घरी आल्यावर जॅकेट बाल्कनीत टांगावं लागतं. उघड्यावर प्यायचं तर डिसेंबरात चौकातल्या टपऱ्यांवर गरम मसालेदार वाइन, भाजलेले चेस्टनट आणि मक्याच्या लाह्या असतात.

चौथी पायरी: 'पोस्नो' हा शब्द पाठ करा

मांस-मच्छी न खाणाऱ्यांना हा एक शब्द हिवाळाभर पोसतो. पोस्नो म्हणजे चर्चच्या उपवासाचं: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. ख्रिसमसच्या आधीचा ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा) उपवास २८ नोव्हेंबर ते ६ जानेवारी असा चाळीस दिवस चालतो. सगळे काही पाळत नाहीत, बरेच जण फक्त बुधवार-शुक्रवार, कोणी शेवटचा आठवडा, जसा आपल्याकडे श्रावण कोणी महिनाभर पाळतं आणि कोणी फक्त सोमवारी. पण बेकऱ्या आणि दुकानं पाळणाऱ्यांची सोय करतात. बटाट्याची 'पिता' (सारण भरून भाजलेले पातळ पापुद्रे), भोपळ्याची पिता, चेरीचा रोल, पोस्नो केक, पोस्नो बिस्किटं, सगळ्यावर तसं लिहिलेलं असतं. अंडं न खाणाऱ्या माझ्या आईला इथे केक खायला मिळाला तो असा.

दोन खड्डे लक्षात ठेवा. एक, पोस्नोमध्ये मासे चालतात, त्यामुळे "बेझ रिबे", मासे नकोत, हे वेगळं सांगायचं. दोन, घेवड्याचे दोन पदार्थ आहेत. 'प्रेब्रानात्स' कांद्यात भाजलेला असतो, तो बहुतेक वेळा निर्धोक. 'पासुल्य' म्हणजे आमटी, आणि त्यात धुरावलेलं मांस लपलेलं असण्याची शक्यता दाट. 'सार्मा', म्हणजे कोबीच्या पानातल्या गुंडाळ्या, मूळच्या खिम्याच्या. पोस्नो सार्मात भात आणि अक्रोड असतो, आणि तो खरंच चांगला लागतो. नोव्हेंबरच्या शेवटी आजूबाजूच्या खेड्यांत डुकरं मारायचा कार्यक्रम असतो, मग सोमवारी ऑफिसात सहकारी घरची सॉसेजं प्रेमाने पुढे करतात. तेव्हाही "पोस्तिम", माझा उपवास आहे, एवढं पुरतं. "मी शाकाहारी आहे" म्हटलं की चर्चा होते. उपवास म्हटलं की मान डोलावतात.

पाचवी पायरी: भिंतीवर दोन कॅलेंडरं

सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च अजून जुन्या ज्युलियन कॅलेंडरने चालतं. ते आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे आहे. म्हणून इथला नाताळ, 'बोझिच', ७ जानेवारीला. २५ डिसेंबरला बहुतेकांचं ऑफिस चालू असतं. पण नोवी साद वोयवोदिना प्रांतात आहे, इथे हंगेरियन, क्रोएशियन, स्लोवाक कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात. कॅथलिकांना कायद्याने त्या दिवशी सुट्टी घेता येते, आणि मुख्य चौकातल्या उंच मनोऱ्याच्या कॅथलिक चर्चमध्ये २४ला रात्री गर्दी असते. टीममध्ये कोणाचा नाताळ कुठला, हे नोव्हेंबरातच विचारून ठेवा.

किराणा भरण्यासाठी ह्या तारखा फ्रिजवर लावा. १ आणि २ जानेवारी: नवं वर्ष, सगळं थंड. ७ जानेवारी: त्याहून थंड, कोपऱ्यावरची बेकरीसुद्धा बंद. १५ आणि १६ फेब्रुवारी: राष्ट्रीय दिन. मधल्या दिवसांतही अर्धं शहर रजेवर असतं, त्यामुळे परवान्याचं किंवा बँकेचं कुठलंही काम २५ डिसेंबर ते १५ जानेवारीच्या मध्ये ठेवू नका. माझी एक फाइल त्या खिंडीत अडकली होती आणि दर वेळी तेच उत्तर मिळायचं: "सुट्ट्यांनंतर."

नवं वर्ष म्हणजे मुलांचा सण. ख्रिसमस ट्री ('येल्का') आणि लाल डगल्यातला 'देदा म्राझ', म्हणजे हिमआजोबा, हे दोघेही कम्युनिस्ट युगोस्लाव्हियाच्या काळापासून ३१ डिसेंबरचे. चर्चचा नाताळ तेव्हा घराच्या आत गेला होता, झाड मात्र दिवाणखान्यात राहिलं. फटाके इथे दिवाळीला लाजवतात. घरी कुत्रा असेल तर त्या रात्रीची सोय आधी बघा.

एक तारीख सणाची नाही. १ नोव्हेंबर २०२४ला सकाळी ११ वाजून ५२ मिनिटांनी इथल्या रेल्वे स्टेशनच्या प्रवेशद्वारावरचं काँक्रीटचं छत कोसळलं, १६ जणांचा जीव गेला. त्यानंतर अनेक दिवस, अनेक चौकांत त्याच वेळी लोक गप्प उभे राहत आले. तुमच्यासमोर असं घडलं तर कारण विचारत बसू नका. थांबा.

सहावी पायरी: स्लावाला जाताना

ह्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हिवाळ्यातला एकटेपणा माझा तरी इथेच सुटला.

प्रत्येक ऑर्थोडॉक्स सर्ब कुटुंबाचा एक संत असतो, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याचा वर्षातला दिवस म्हणजे 'स्लावा'. आपल्या कुलदैवताच्या फार जवळचं, फक्त आपण दैवताकडे जातो आणि इथे लोक तुमच्या घरी येतात. २०१४ साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कायद्यातही मान आहे: स्लावाच्या दिवशी ऑर्थोडॉक्स कर्मचाऱ्याला सुट्टीचा हक्क असतो. सगळ्यांत जास्त घरांत १९ डिसेंबरचा संत निकोला असतो, 'निकोल्दान'. त्या दिवशी अर्धं सर्बिया स्लावा करतं आणि उरलेलं अर्धं जेवायला जातं, अशी इथे म्हणच आहे. निकोल्दान नेहमी उपवासात पडतो, म्हणजे टेबलावर पोस्नो आणि मासे.

जुना नियम असा की स्लावाचं आमंत्रण देत नाहीत. ज्याला यायचं तो येतो, आणि गेल्या वर्षी आलेला यंदाही येणार असंच धरतात. परदेशी माणसाला मात्र सांगतात. सांगितलं तर जा. "बघते" म्हणून टाळलंत तर पुढच्या वर्षी विचारणार नाहीत.

काय न्यायचं? वाइनची बाटली, किंवा कॉफीचं पाकीट आणि चॉकलेटचा डबा. फुलं नेणार असाल तर मोजून न्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फुलवालीकडून सहा पांढरी फुलं घेतली. दारात यजमानीणबाईंनी ती हातात घेतली, हसल्या, स्वयंपाकघरात गेल्या. पाच मिनिटांनी टेबलावरच्या फुलदाणीत पाच होती. सहावं बेसिनजवळ एका पाण्याच्या पेल्यात एकटं उभं होतं. समसंख्येची फुलं इथे मयताला नेतात. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. मला कळलं ते सोमवारी ऑफिसात.

आत गेल्यावर म्हणायचं, "स्रेच्ना स्लावा, दोमाचिने." दोमाचिन म्हणजे यजमान. भेटताना गालाला गाल तीनदा. मग समोर येतं 'झितो': शिजवून वाटलेले गहू, साखर आणि अक्रोड. वाडगा एकच, बाजूला पेल्यात स्वच्छ चमचे. एक चमचा घ्यायचा, एक घास खायचा, आणि वापरलेला चमचा दुसऱ्या, पाण्याच्या पेल्यात सोडायचा. ख्रिस्ती लोक आधी क्रूसाची खूण करतात, तुम्ही नाही केली तरी कोणी काही म्हणत नाही. चव थेट आपल्या गव्हाच्या खिरीची आठवण काढणारी, त्यामुळे मी चांगली वाटीभर मागितली. खोलीत एकदम शांतता. झितो हा प्रसाद आहे, जेवण पुढे आहे. हे तेव्हा कोणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

जेवणाला अंत नसतो. घरचा यजमान परंपरेने बसत नाही, उभ्याने सगळ्यांना वाढतो. ताट रिकामं ठेवलंत की भरलं जातं, म्हणून शेवटचा घास ताटात राहू द्या. 'राकिया', म्हणजे फळांची कडक दारू, नको असेल तर "गाडी चालवायची आहे" किंवा "औषध चालू आहे" ही दोन कारणं बिनबोभाट चालतात. "मी पीत नाही" हे कारण त्यांना कारण वाटत नाही. पेला उचललात तर "झिवेली" म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा.

निकोल्दानच्या दिवशी वेळ असेल तर मध्यवस्तीतल्या छोट्या निकोला चर्चमध्ये डोकावून या. आइन्स्टाइनची पहिली पत्नी मिलेवा मारिच हिचं माहेर ह्याच शहरात, आणि त्यांच्या दोन मुलांचा बाप्तिस्मा १९१३ साली ह्याच चर्चमध्ये झाला.

सातवी पायरी: बशीतले गहू आणि ६ जानेवारीची संध्याकाळ

१७ किंवा १९ डिसेंबरला शेजारच्या आजींनी मला बोलावून घेतलं आणि एका बशीत ओले गहू पसरले. रोज थोडं पाणी. ७ जानेवारीपर्यंत वीतभर हिरवं पातं येतं, त्याला लाल फीत बांधून मधे मेणबत्ती लावतात. मी हसायला लागले. फोनमधला नवरात्रातल्या घटाचा फोटो काढून दाखवला: हीच माती, हेच धान, हेच रोजचं पाणी, फक्त ऑक्टोबरात. त्यांनी चष्मा लावून फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "मेणबत्ती कुठे आहे?" म्हटलं, आमच्यात समई. बशीत गहू पेरणं अगदी सोपं आहे. तुम्हीही पेरा. जानेवारीच्या करड्या दिवसांत खिडकीत तेवढंच हिरवं असतं.

६ जानेवारी म्हणजे 'बाद्न्ये वेचे', नाताळची आदली संध्याकाळ. आदल्या दोन दिवसांत मंडईबाहेर वाळल्या पानांसकट ओकच्या फांद्यांच्या जुड्या विकायला येतात, गवताच्या काड्या बांधलेल्या. हाच 'बाद्न्याक'. संध्याकाळी चर्चच्या आवारात मोठी होळी पेटते आणि लोक आपली फांदी तिच्यात टाकतात. होळी हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे, कारण धूर, ठिणग्या आणि शेकायला पुढे सरकणारी पोरं बघून दुसरा शब्द सुचत नाही. घरी टेबलाखाली गवत पसरतात, कोपऱ्यांत अक्रोड टाकतात. जेवण पोस्नो असतं.

सकाळी अभिवादन बदलतं. "नमस्कार" नाही. "ह्रिस्तोस से रोदि" म्हणजे ख्रिस्त जन्मला, आणि उत्तर "वाइस्तिनु से रोदि", खरंच जन्मला. लिफ्टमध्येही हेच. त्या दिवशी घरी पहिला येणारा पाहुणा 'पोलोझाय्निक' असतो, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष ठरतं. तुम्हाला कोणी "७ तारखेला सकाळी ये" असं खास सांगितलं तर ती साधी भेट नाही, वेळेवर जा. 'चेस्नित्सा' वाटतात, ती इतर सर्बियात भाकरीसारखी, वोयवोदिनात पातळ पापुद्रे, अक्रोड आणि मधाची गोड. आत एक नाणं. ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं. हळू चावा.

आठवी पायरी: १४ जानेवारी आपला

१३ जानेवारीच्या रात्री पुन्हा फटाके फुटतात तेव्हा घाबरू नका. ज्युलियन हिशोबाने तेव्हा १ जानेवारी लागतो, 'स्र्प्स्का नोवा गोदिना', सर्बियन नवं वर्ष. आणि दुसऱ्या दिवशी, बहुतेक वर्षी, आपली संक्रांत. गूळ संपलेला असतो, म्हणून मी सुसाम भाजून ब्राउन शुगर आणि मधात वड्या थापते. त्या दगडासारख्या होतात, पण ऑफिसात डबा फिरतो. "तिळगूळ घ्या, गोड बोला" ह्याचा अर्थ सांगितला की टीममधला कोणी ना कोणी म्हणतोच, हे मॅनेजरना आधी द्या.

ह्याच दिवसांत डॅन्यूबच्या काठाने चालत जा. १९४२च्या जानेवारीत हंगेरियन सैन्याने इथे धरपकड केली, ज्यू आणि सर्ब माणसांना, बायकामुलांसकट मारून गोठलेल्या नदीत लोटलं. काठावर चार कृश माणसांच्या कुटुंबाचं शिल्प उभं आहे, आणि २३ जानेवारीच्या आसपास तिथे फुलं असतात. पलीकडे पेत्रोवारादिनचा किल्ला. त्याच्या घड्याळाचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटं, नावाड्यांना दुरून तास दिसावा म्हणून. थंडीत ते मागे पडतं, उन्हाळ्यात पुढे पळतं. लोक त्याला दारुडं घड्याळ म्हणतात. त्यावर भरवसा ठेवून बस पकडायला निघू नका.

१९ जानेवारीला 'बोगोयाव्ल्येन्ये', ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण. हिंमतवान लोक नदीत उडी मारून ३३ मीटर पोहतात, पाण्यातला क्रूस आधी गाठायला. बघायला जा, दोन मोजे घालून. १५ फेब्रुवारीला 'स्रेतेन्ये': राष्ट्रीय दिन १८०४चा उठाव आणि १८३५ची राज्यघटना ह्यांच्या आठवणीचा, पण आजींना त्यातलं अस्वल जास्त महत्त्वाचं. त्या दिवशी अस्वल गुहेबाहेर येतं म्हणे. ऊन असेल आणि स्वतःची सावली दिसली तर घाबरून परत आत, आणि थंडी आणखी चाळीस दिवस. त्यामुळे १५ फेब्रुवारीला लख्ख ऊन पडलं की आमच्या जिन्यात सगळे तोंड पाडून भेटतात.

जॅकेट धुवायला कधी टाकायचं, एवढं राहिलं. रेडिएटर १५ एप्रिलच्या सुमारास बंद होतात, त्यानंतर. मी एकदा मार्चच्या उन्हाला भुलून टाकलं, आणि त्याच आठवड्यात कोशावा सुटला. सात दिवस.